जनुकीय अभियांत्रिकी : कपाशीच्या बोंडातून समजून घ्यावयाचे काही शब्द

प्रास्ताविक

नागपूरहून वर्धा मार्गाने बाहेर पडले की पांजरी येथे केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे आवार लागते. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७६ साली स्थापन केलेली ही संस्था देशभरातील कापसाच्या प्रश्नांवर संशोधन करते. तिच्या भोवतालच्या वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर या जिल्ह्यांत ज्याच्या नातलगांपैकी कोणीच कपाशी लावत नाही असे कुटुंब विरळाच. त्यामुळे ‘जनुकीय अभियांत्रिकी’ हा विषय विदर्भात पुस्तकातून आला नाही. तो कृषी केंद्रातून, बियाण्याच्या पाकिटावरील ‘बीटी’ या दोन अक्षरांतून घरोघरी पोहोचला.

या पाकिटावर सामान्यतः तीन गोष्टी छापलेल्या असतात. हे बियाणे संकरित आहे, ते बीटी आहे आणि ते अमुक कंपनीचे आहे. पहिली गोष्ट जुन्या पीकपैदाशीची आहे, दुसरी जनुकीय अभियांत्रिकीची आणि तिसरी कायदा व व्यापार यांची. बोलताना मात्र या तिन्हींना मिळून आपण ‘जनुकीय बियाणे’ म्हणतो. परिणामी एकाचे श्रेय दुसऱ्याला व एकाचा दोष तिसऱ्याला दिला जातो. हा गोंधळ दूर व्हावा, एवढ्याच हेतूने या विषयातील मूलभूत शब्द आम्ही येथे क्रमाने समजावून देत आहोत. हे शब्द पुढे रुग्णालयातही आपल्या कानी पडणार आहेत; म्हणून लेखाच्या उत्तरार्धात सिकलसेल या आजाराचाही विचार केला आहे.

१. पेशी, गुणसूत्र, डीएनए व जनुक

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. वनस्पती व प्राणी यांच्या पेशीत एक केंद्रक असते आणि त्या केंद्रकात धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व दुसरे पित्याकडून आलेले असते. आपल्या देशी कपाशीत २६ गुणसूत्रे असतात, तर आज सर्वत्र लावल्या जाणाऱ्या अमेरिकन कपाशीत ५२ असतात. या दोन जातींचा परस्पर संकर सहजी का होत नाही, याचे एक कारण या आकड्यांतच आहे.

गुणसूत्र ज्या पदार्थाचे बनलेले असते तो डीएनए. दोन लांब पट्ट्या एकमेकींभोवती पिळल्यासारखी त्याची रचना असून ती १९५३ साली जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी उलगडून दाखविली. रोझालिंड फ्रँकलिन व मॉरिस विल्किन्स यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचा त्या कामी मोठा आधार झाला होता. डीएनएची लिपी केवळ चार अक्षरांची आहे : ए, टी, जी आणि सी. माणसाच्या एका संपूर्ण जनुकसंचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात.

या प्रदीर्घ मजकुरातील जो भाग एखादे विशिष्ट प्रथिन कसे तयार करावे याची सूचना देतो, त्याला जनुक म्हणतात. प्रथिने ही शरीराची कामे करणारी द्रव्ये होत. रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे आणि अन्न पचविणारी विकरे हीसुद्धा प्रथिनेच आहेत. माणसात प्रथिनांची सूचना देणारी सुमारे २०,००० जनुके आहेत.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. ही चार अक्षरांची लिपी जिवाणू, कपाशी, अळी आणि माणूस यांच्यात जवळजवळ एकच आहे. तिचा अर्थ लावण्याच्या कार्याबद्दल हरगोविंद खुराना यांना इतर दोघांसमवेत १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लिपी एकच असल्यामुळे जिवाणूच्या जनुकातील सूचना कपाशीच्या पेशीलाही वाचता येते. सारी जनुकीय अभियांत्रिकी या एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

२. मेंडेल आणि आनुवंशिकता

आनुवंशिकतेचे नियम प्रथम ज्याने शोधले तो ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टीनियन मठवासी व धर्मगुरू होता. त्याचा जन्म १८२२ साली झाला. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो येथील संत थॉमस मठाच्या बागेत त्याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची हजारो रोपे वाढविली. गोल दाण्यांची व सुरकुतलेल्या दाण्यांची रोपे यांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सर्व दाणे गोल निघाले. त्याच रोपांपासून दुसरी पिढी घेतली असता ५,४७४ दाणे गोल व १,८५० दाणे सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळपास तीनास एक.

यावरून मेंडेलने असे अनुमान काढले की, प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात व प्रत्येक जनकाकडून एकेक घटक संततीस मिळतो. जो घटक एकटा असला तरी आपला गुण दाखवितो तो प्रभावी, आणि जो दुसऱ्यामागे दडून राहतो तो अप्रभावी. दडलेला घटक नष्ट होत नाही. पुढच्या पिढीत तसे दोन घटक एकत्र आले की तो पुन्हा प्रकट होतो. मेंडेलचा हा निबंध १८६६ साली प्रसिद्ध झाला, परंतु जगाला त्याचे महत्त्व १९०० साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी कळले. ‘तीनास एक’ हे प्रमाण वाचकांनी लक्षात ठेवावे. कपाशीच्या बोंडात आणि सिकलसेलच्या घरात ते पुन्हा भेटणार आहे.

३. संकरित वाण व सरळ वाण

एकाच पिकाच्या दोन वेगळ्या वाणांचे परागीकरण करून जे बियाणे मिळते ते संकरित बियाणे. यात कोणतेही जनुक प्रयोगशाळेत कापलेले वा जोडलेले नसते. कापसाचा जगातील पहिला व्यापारी संकरित वाण, ‘संकर-४’, डॉ. सी. टी. पटेल यांनी गुजरातेतील सुरत येथे १९७० साली प्रसारित केला. बीटी कापूस येण्याच्या ३२ वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

संकरित झाडाची पहिली पिढी जोमदार व एकसारखी असते. तिचीच सरकी राखून पुन्हा पेरली तर मात्र मेंडेलने पाहिलेला प्रकार घडतो. गुण विखुरतात, झाडे लहानमोठी होतात आणि उत्पादन घटते. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. याउलट सरळ वाणाचे गुण पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहतात आणि त्याची सरकी शेतकऱ्याला पुढील हंगामासाठी घरी राखता येते.

‘बीटीची सरकी उगवतच नाही, ती वांझ केलेली असते’ असा समज आमच्या कानी अनेकदा येतो. तो खरा नाही. बियाणे वांझ करणारे तथाकथित ‘टर्मिनेटर’ तंत्र जगात कोठेही व्यापारी पिकात वापरले गेलेले नाही. बीटी संकरित कपाशीची सरकी उगवते. परंतु ती संकरित असल्यामुळे तिचे गुण विखुरतात. दरवर्षी पाकीट विकत घेण्याची सक्ती संकरातून आली आहे, बीटी जनुकातून नव्हे.

४. जनुकीय अभियांत्रिकी म्हणजे काय?

एका सजीवातील जनुक वेगळे काढून ते दुसऱ्या सजीवाच्या डीएनएमध्ये बसविणे, किंवा त्याच सजीवाच्या डीएनएतील मजकुरात ठरवून बदल करणे, या तंत्रास जनुकीय अभियांत्रिकी म्हणतात. डीएनए ठराविक जागी कापणारी विकरे जिवाणूंमध्ये निसर्गतःच असतात. त्यांच्या साहाय्याने १९७३ साली स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी बाहेरचे जनुक जोडलेला डीएनए जिवाणूत कार्यरत करून दाखविला. या तंत्राचे पहिले मोठे फळ मधुमेहाच्या रुग्णांना मिळाले. इन्सुलिन पूर्वी गुरे व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून काढावे लागे. मानवी इन्सुलिनचे जनुक जिवाणूत बसवून तयार केलेले औषध १९८२ साली अमेरिकेत मान्य झाले. ज्यांच्या घरी इन्सुलिनची सुई आहे, त्यांच्या घरी जनुकीय अभियांत्रिकी केव्हाच पोहोचली आहे.

वनस्पतीत जनुक घालण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जमिनीतील जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत निसर्गतःच घुसवितो. शास्त्रज्ञ त्या तुकड्यात हवे ते जनुक ठेवतात. दुसऱ्या मार्गात सोन्याच्या वा टंगस्टनच्या अतिसूक्ष्म कणांवर डीएनए चढवून ते कण पेशींवर वेगाने मारले जातात. ज्या पेशीत जनुक बसते तिच्यापासून प्रयोगशाळेत संपूर्ण रोप वाढवितात. अशा रोपास पारजनुकीय वनस्पती असे म्हणतात. पुढे त्या रोपाचा स्थानिक वाणांशी वारंवार संकर करून नवे जनुक त्या वाणांत आणले जाते.

अलीकडील तंत्र जनुक-संपादनाचे आहे. जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी २०१२ साली मांडलेल्या ‘क्रिस्पर’ पद्धतीने डीएनएमधील नेमकी जागा शोधून तेथे छेद देता येतो. त्याबद्दल त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत बाहेरचे जनुक घालावेच लागते असे नाही. भारतात मे २०२५ मध्ये भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर झाले. त्यांत परक्या सजीवाचे जनुक नाही. पारजनुकीय पीक व जनुक-संपादित पीक यांतील हा भेद यापुढे आपणास ओळखता आला पाहिजे.

५. ‘बीटी’ म्हणजे नेमके काय?

‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे बीटी. हा जिवाणू जमिनीत सर्वत्र आढळतो. जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना सापडला. पुढे जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात पिठातील पतंगाच्या अळीत तो पुन्हा आढळला व त्या प्रांतावरून त्याला नाव मिळाले. हा जिवाणू ‘क्राय’ वर्गातील प्रथिने तयार करतो. विशिष्ट अळ्यांच्या अल्कधर्मी आतड्यात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या आवरणाला चिकटून तेथे छिद्रे पाडते आणि अळी मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असून हे प्रथिन ज्यावर चिकटते ते घटक माणसाच्या आतड्यात नसतात.

या जिवाणूतील ‘क्राय१एसी’ हे जनुक मॉन्सँटो या अमेरिकन कंपनीने कपाशीत बसविले. जालना येथील महिको या बियाणे कंपनीच्या भागीदारीत ते भारतीय संकरित वाणांत आले. २६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. २००६ साली ‘क्राय२एबी’ हे दुसरे जनुकही जोडलेले बियाणे आले.

या जनुकाचे काम अतिशय मर्यादित आहे. ते बोंडअळ्यांविरुद्धचे प्रथिन तयार करते आणि तेवढेच करते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर त्याचा परिणाम नाही. ते झाडाला दुष्काळ सोसण्याचे बळ देत नाही, बोंडांची संख्या वाढवीत नाही आणि कापसाला भावही मिळवून देत नाही.

६. विदर्भात काय घडले?

आरंभी लाभ दिसला हे नाकारता येणार नाही. ज्या हिरव्या अमेरिकन बोंडअळीने १९९० च्या दशकात शेतकऱ्यांना हैराण केले होते, तिचा उपद्रव कमी झाला व तिच्यासाठी कराव्या लागणाऱ्या फवारण्या घटल्या. देशाचे रुईचे हेक्टरी उत्पादन २००१-०२ मध्ये सुमारे ३०० किलो होते. २००७-०८ मध्ये ते ५५० किलोच्या आसपास गेले. त्यानंतर मात्र ते वाढले नाही, उलट काहीसे उतरले. या वाढीत नवी कीटकनाशके, वाढलेली खते आणि गुजरातसारख्या राज्यातील सिंचन यांचाही वाटा होता. विदर्भातील बहुतांश कपाशी कोरडवाहू आहे. तेथे पाऊस चुकला तर बोंडअळीपासून वाचलेले बोंडही भरत नाही.

दुसरा प्रश्न गुलाबी बोंडअळीचा. ही अळी जवळजवळ केवळ कपाशीवर जगते. ती बोंडाच्या आत शिरून सरकी खाते, त्यामुळे बाहेरून दिसत नाही. डोमकळी झालेले फूल व वेचणीच्या वेळी निघणारी कवडी ही तिची खूण. मॉन्सँटोने २०१० साली गुजरातेतील चार जिल्ह्यांत ही अळी क्राय१एसीला दाद देत नसल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या काही वर्षांत तिने दोन्ही जनुकांवर मात केली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले.

हे कसे झाले? कोट्यवधी अळ्यांत काही थोड्या अळ्या निसर्गतःच प्रथिनाला न जुमानणाऱ्या असतात. सर्वत्र बीटीच असेल तर बाकीच्या मरतात आणि या थोड्या अळ्यांचाच वंश वाढतो. याला प्रतिकारक्षमता येणे म्हणतात. ते टाळण्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याचे वेगळे पाकीट दिले जाई. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावाव्यात, म्हणजे साध्या अळ्यांचा वंश टिकून त्यांचा प्रतिकारक्षम अळ्यांशी संकर होईल, अशी ही योजना होती. बहुसंख्य शेतांत हे पाकीट लावले गेले नाही. चार-पाच एकरांच्या धन्याने आपल्या शेताचा काही भाग अळीसाठी सोडावा, ही अपेक्षा त्याला पटेल अशा रीतीने कोणी समजावून सांगितली नाही. पुढे दोन्ही बियाणे एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली.

त्यात दीर्घ मुदतीच्या संकरित वाणांची भर पडली. डिसेंबरनंतरही पाणी देऊन फरदड घेतली की अळीला उन्हाळ्यापर्यंत अन्न मिळत राहते. शिवाय संकरित झाडात बीटी जनुक एकाच जनकाकडून आले असेल, तर त्याच्या बोंडातील सरकीत मेंडेलचे तीनास एक प्रमाण अवतरते. चारातील एका सरकीत ते जनुक नसते. सरकी खाणाऱ्या अळीला त्यामुळे विषाची व बिनविषाची सरकी एकाच बोंडात मिळते आणि विषाला सरावलेले वंश वाढण्यास वाव मिळतो, असे कीटकशास्त्रज्ञ दाखवून देतात.

त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या बियाण्याने फवारणी टळेल असे सांगितले गेले होते, त्याच पिकात फवारणी करताना हे मृत्यू झाले. रसशोषक किडी व गुलाबी बोंडअळी यांवर एकामागून एक फवारे मारले जात होते आणि फवारणाऱ्यांच्या अंगावर संरक्षक कपडे नव्हते.

याच गुलाबी बोंडअळीचे अमेरिकेतील कापूस क्षेत्रातून उच्चाटन झाल्याचे तेथील शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केले. तेथेही बीटी कापूसच होता. परंतु त्याच्या जोडीला नपुंसक केलेले पतंग सोडणे, हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट करणे आणि साऱ्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी एकच उपाय करणे, अशी शिस्त होती. जनुक तेच असूनही दोन देशांत दोन परिणाम झाले. आमच्या मते या विषयातील सर्वांत मोठा धडा हाच आहे.

७. ताबा कोणाचा?

नागपूरच्या संस्थेने धारवाड येथील कृषी विज्ञान विद्यापीठ व इतरांच्या साहाय्याने ‘बिकानेरी नरमा बीटी’ हा सरळ वाण तयार केला. त्याला २००८ साली मान्यता मिळाली व २००९ च्या हंगामात त्याचे बियाणे शेतकऱ्यांना मिळाले. ज्याची सरकी घरी राखता येईल असे हे बीटी बियाणे होते. परंतु त्यात मॉन्सँटोच्या जनुकीय रचनेचा अंश असल्याचे आढळून आले व ते मागे घ्यावे लागले. एका चांगल्या कल्पनेची अनेक वर्षे त्यात वाया गेली. पुढील काळात संस्थेने क्राय१एसी असलेले काही सरळ वाण पुन्हा पुढे आणले. तोवर बाजार खासगी संकरित वाणांनी व्यापला होता.

बियाण्याचा दर हाही ताब्याचाच प्रश्न. आरंभीच्या वर्षांत एका पाकिटाला दीड हजारांहून अधिक रुपये पडत. २००६ साली आंध्र प्रदेश शासनाच्या तक्रारीनंतर दर उतरले आणि डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक-सहनशील कपाशी मान्यता नसताना उघडपणे पेरली. तंत्र नाकारल्याने अन्याय होतो असे म्हणणारे शेतकरी विदर्भात आहेत आणि तंत्राने लुबाडले असे म्हणणारेही आहेत. बीटी वांग्याविषयी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या आरंभी ज्या सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या त्यांत नागपूर होते. फेब्रुवारीत त्यांनी त्या वांग्यास स्थगिती दिली.

८. रक्तातील एक अक्षर : सिकलसेल

आता शेतातून घरात येऊ. विदर्भातील आदिवासी व इतर अनेक समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकाच अक्षरात, ‘ए’च्या जागी ‘टी’, असा बदल झालेला असतो. अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. त्यामुळे तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना, रक्तक्षय व वारंवार आजारपण सोसावे लागते.

ज्याच्या दोन जनुकांपैकी एकातच हा बदल आहे तो वाहक होय. त्याचे आयुष्य सामान्यतः इतरांसारखेच असते. तो रुग्ण नव्हे. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व दोन्ही नसण्याची २५ टक्के असते. मेंडेलच्या वाटाण्याचाच हा हिशेब आहे. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठीक’ असा अर्थ मात्र काढू नये. शक्यता प्रत्येक वेळी नव्याने तेवढीच असते. वाहकता ही लज्जेची गोष्ट नाही आणि ती कोणा एका जोडीदाराचा दोषही नाही. आजारी अपत्याचे खापर केवळ सुनेवर फोडणे हे शास्त्राच्या व न्यायाच्या दोन्ही दृष्टींनी असत्य आहे. साध्या रक्तचाचणीने वाहकता समजते. ती विवाहापूर्वी करून घेणे शहाणपणाचे आहे.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे सिकलसेलवर क्रिस्पर तंत्राने केलेला पहिला उपचार मान्य झाला. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळपेशी काढून, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होईल असा बदल त्यांत करून त्या परत दिल्या जातात. बिघडलेले अक्षर येथे दुरुस्त होत नाही. त्याची उणीव दुसऱ्या मार्गाने भरून काढली जाते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, वेळच्या वेळी तपासणी व संसर्गापासून संरक्षण हेच आपल्याकडील बहुतेक रुग्णांचे आधार आहेत.

९. ख्रिस्तसभेची दृष्टी

ख्रिस्तसभेने या विषयावर सरसकट ‘होय’ वा ‘नाही’ असे उत्तर दिलेले नाही. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जनुकीय परिवर्तनाविषयी सर्वसाधारण निवाडा देणे कठीण असल्याचे मान्य केले. माणसाला अपाय होतो असा निर्णायक पुरावा नसला तरी लहान शेतकरी देशोधडीला लागणे, जमीन व बियाणे मोजक्या हातांत एकवटणे याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि ज्यांना झळ पोहोचते त्या सर्वांना चर्चेत स्थान असावे असे सांगितले.

मानवी उपचारांविषयी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २००८ साली ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजात एक स्पष्ट भेद केला आहे. रुग्णाच्या कायिक पेशींवरील उपचार, रुग्णाची संमती असल्यास व धोका अवाजवी नसल्यास, तत्त्वतः ग्राह्य आहे. जननपेशी वा गर्भ यांत असा बदल करणे, जो पुढील पिढ्यांत उतरेल, आजच्या स्थितीत ग्राह्य नाही. गुणवर्धनासाठी केलेला बदल तर नाहीच. २०१८ साली चीनमध्ये हे च्यानक्वी या संशोधकाने गर्भातील जनुके बदलून जुळ्या मुली जन्मास आणल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनीही त्याचा निषेध केला आणि पुढे त्यास तुरुंगवास झाला.

यापुढे ‘जनुकीय’ हा शब्द ऐकला की आपण चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. कोणते जनुक व कोठून आले? ते नेमके काय करते व काय करीत नाही? ते टिकावे म्हणून शेतात वा रुग्णालयात कोणती काळजी घ्यावी लागेल? आणि त्याचा ताबा व नफा कोणाकडे राहील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञ देतील. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र ग्रामसभेत, कृषी केंद्रात आणि शासनदरबारी आपल्यालाच मागावी लागतील.

शब्द एका दृष्टिक्षेपात

जनुक : प्रथिन तयार करण्याची सूचना देणारा डीएनएचा भाग.
गुणसूत्र : केंद्रकातील डीएनएचा धागा, यावर जनुके असतात.
जनुकसंच : एखाद्या सजीवाच्या डीएनएतील संपूर्ण मजकूर, यालाच जीनोम म्हणतात.
उत्परिवर्तन : डीएनएच्या अक्षरांत झालेला बदल. तो निसर्गतःही होतो.
प्रभावी व अप्रभावी : एकटा असताना प्रकट होणारा व दडून राहणारा घटक.
वाहक : अप्रभावी दोषाचे एकच जनुक असलेली, सामान्यतः निरोगी व्यक्ती.
संकरित वाण : दोन वाणांच्या परागीकरणातून आलेले बियाणे, दरवर्षी विकत घ्यावे लागते.
सरळ वाण : गुण स्थिर असलेले बियाणे, घरी राखता येते.
पारजनुकीय : दुसऱ्या सजीवाचे जनुक बसविलेला सजीव. बीटी कपाशी ही पारजनुकीय आहे.
जनुक-संपादन : सजीवाच्या स्वतःच्याच डीएनएत नेमक्या जागी केलेला बदल.
प्रतिकारक्षमता : कीड वा रोगजंतू यांनी औषधाला वा प्रथिनाला दाद न देणे.
कायिक पेशी व जननपेशी : पहिलीतील बदल त्या व्यक्तीपुरता राहतो, दुसरीतील बदल वंशात उतरतो.
क्लोन : एखाद्या सजीवाची जनुकीय प्रतिकृती. ऊस वा केळीची कांडी-कंदापासून लागवड हेही क्लोनच. जनुकात बदल केल्यावाचूनही क्लोन होऊ शकतो. म्हणून हा शब्द जनुकीय अभियांत्रिकीचा पर्याय म्हणून वापरू नये.